सहा खणांचं घर

पळसघाटच्या ढिवर मोहल्ल्यात कोणाच्या मुलाचं घर पाहायला मुलीकडचे येणार असले, की त्या दिवसापुरता सारा मोहल्ला त्या घराच्या पाठीशी उभा राही. एका घरून पाण्याचे पितळी गुंड यायचे, दुसऱ्या घरून बरी खाट, तिसरीकडून ठेवणीतली चादर. ज्याचं जाळं नवं असेल त्याचं जाळं छपरीत टांगायचं. याला कोणी खोटं म्हणत नसे. मुलीकडचे लोकही आपल्या गावी हेच करत आलेले. पाहायला आलेला माणूस गुंड मोजता मोजता मनातल्या मनात निम्मे वजा करून टाकी. पाळायच्या गोष्टी दोनच. मागून आणलेली वस्तू दिवस मावळायच्या आत नेणारीनं स्वतः नेऊन द्यायची, आणि देणारीनं ती परत मागायला कधी यायचं नाही.

कुंतानं मात्र घरच मागितलं.

तिच्या गोविंदाला दोन ठिकाणच्या लोकांनी पाहून सोडलं होतं. पोरगा सगळ्यांना पसंत पडे. भर पुरात वैनगंगेवर डोंगा घालावा तर त्यानंच. पण घर तीन खणांचं. "सून निजन कुठी?" असं एका बाईनं निघता निघता विचारलं होतं, आणि तो प्रश्न कुंताच्या कानातून जाता जात नव्हता. आता पोंभुर्ण्याकडचा देवाजी येणार होता. जातीनं ढिवरच, पण धानाची शेती राखून असलेला. त्याच्या गावी पंचायत अजून हैसियत कर घेई. म्हणजे पाच पंच बसायचे, ज्याची जशी ऐपत दिसेल तसा आकडा त्याच्या नावावर सांगायचे, आणि माणूस तो मुकाट्यानं भरायचा. देवाजीला गावात तिसरा मोठा आकडा लागे. तो भरून घरी येताना देवाजी मुद्दाम चावडीवरून येतो, असं लोक सांगत.

कुंताच्या घराला लागून शकुबाईचं घर होतं. शकुबाई विधवा, मूलबाळ नाही. तिचा सासरा आणि कुंताचा सासरा मनसाराम चुलतभाऊ. दोघांनी एकाच आढ्याखाली घरं बांधलेली. मध्ये भिंत घातलीच नव्हती, बांबूचा तट्टा होता. तो काढला की तिनाचे सहा खण व्हायचे.

"ने व," शकुबाई म्हणाली. "माह्या घराले नाई तरी कोण पाह्याले येते? पण माही चूल सारवून देजो. तुह्या पाहुण्यायसमोर माह्या चुलीची अब्रू जाईन."

मागच्या अंगाला रामाजीचा गोठा होता. त्याचं कुंपण एका बाजूनं उघडलं की म्हैस इस्तारीच्या अंगणात उभी असल्यासारखी दिसे. रामाजीनं कुंपण उघडलं आणि वर म्हशीच्या शिंगांना तेलही लावलं. इस्तारी, म्हणजे कुंताचा नवरा, हे सगळं पाहत गप्प बसला होता. तो गडी भिडस्त. बायकोनं मांडलेलं मोडणं त्याला कधी जमलं नाही.

देवाजी आला, बसला, पाणी प्याला. घराकडे त्यानं चौफेर नजर टाकली, पण बोलला धानाबद्दल. एवढ्यात दारात आणखी एक माणूस उभा राहिला. काखेत कागद, हातात मोजायची फीत. हे गुणवंतराव, नव्या नगरपालिकेनं घरांच्या मोजणीसाठी नागपूरहून आणलेले. ते मोहल्ल्यात फिरत आहेत हे सर्वांना ठाऊक होतं. आज याच ओळीत येतील हे कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"घर कोणाचं?"

"इस्तारी मनसाराम," इस्तारी म्हणाला.

"सगळे खण तुमचेच?"

इस्तारीनं दाराआड उभ्या कुंताकडे पाहिलं. देवाजीनं इस्तारीकडे पाहिलं.

"पाहून घ्या ना साहेब," इस्तारी म्हणाला.

गुणवंतरावांनी पाहून घेतलं. फितीचं एक टोक गोविंदानं धरलं आणि आपल्याच हातानं शकुबाईचं घर मोजून दिलं.

"मागचा गोठा?"

"आपलाच."

"म्हैस दूध किती देते?" हे देवाजीनं विचारलं.

"देते," इस्तारी म्हणाला. त्याच्या सात पिढ्यांत कोणी म्हशीखाली बसलं नव्हतं. "घरापुरतं देते."

कुंपणापलीकडे रामाजीला खोकल्याची उबळ आली.

"आता सांगा," गुणवंतराव म्हणाले, "हे घर किरायानं दिलं तर महिन्याचे किती येतील?"

"किरायानं? आमी राह्यतो ना यात."

"राहता, बरोबर आहे. पण समजा दिलं."

"मंग आमी कुठी जाऊ?"

देवाजी हसला. गुणवंतराव हसले नाहीत. हा प्रश्न त्यांना या मोहल्ल्यात प्रत्येक दारात झाला होता आणि प्रत्येक दारात त्यांनी न कंटाळता तेच सांगितलं होतं. नगरपालिका झाली, हैसियत कर गेला. कोणाची ऐपत किती हे आता पाच माणसं बसून ठरवणार नाहीत. घरावरून ठरेल. घर वर्षभर किरायानं दिलं तर जे येईल, त्यावर रुपयाला एक आणा कर. वर्षाचा किराया चोवीस रुपयांच्या खाली भरला तर कर नाही. बाजारओळीत घरं किरायानं जातात, तिथं आकडा विचारून मिळतो. इथं कोणी कोणाकडून किराया घेत नाही, म्हणून समितीनं कोष्टक ठरवलंय: कवेलूच्या, म्हणजे कौलारू, छपराला खणामागे महिन्याला आठ आणे, गवताच्या छपराला त्याहून कमी.

"अन् हेच घर नागपुरात असतं तं?" देवाजीनं विचारलं.

"चार-पाचपट धरलं असतं. तिथं एका खोलीला चार माणसं विचारत येतात. आणि कराचा दरही ज्या त्या गावची समिती ठरवते. एका गावचा दुसऱ्याला लागत नाही."

"घर तेच, कवेलू तेच," इस्तारी म्हणाला.

"घर तेच. आजूबाजूचे लोक वेगळे."

"मंग हा कर घरावर नाई साहेब. शेजाऱ्यावर हाय."

गुणवंतरावांनी पेन्सिल थांबवली. "तसंही म्हणता येईल," ते म्हणाले, आणि पुढचा खण मोजायला वाकले.

ते निघताना देवाजीनं त्यांना थांबवलं. "मंग या घराले लागन का कर?"

"लागेल. एवढ्या घराला लागणारच."

देवाजीनं मान हलवली. त्याच्या हिशेबात घराला कर लागणं म्हणजे माणसाला मान असणं. आपण पोरगी कुठे देतोय हे सरकारच्या माणसानं सांगितलं, याहून आणखी काय पाहायचं? निघण्यापूर्वी त्यानं होकार दिला. लग्न वैशाखात.

दिवस मावळायच्या आत कुंतानं सगळं परत केलं. गुंड घासून, चादर झटकून, खाट एका शेजारणीच्या मदतीनं उचलून. रामाजीकडे गेली तर तो म्हणाला, "इस्तारीले सांगजो, उद्या पाहाटे दोहाले ये. घरापुरतं देते ना म्हैस?" शकुबाईकडे शेवटी गेली. गोविंदा आणि इस्तारी तोवर तट्टा बांधत होते.

"बाई, तुहं घर परत."

"झाडून-पुसून देल्लं ना?" शकुबाई म्हणाली. दोघी हसल्या. त्या दिवशी हसण्यासारखंच होतं ते.

माघात यादी लागली. नगरपालिकेच्या कचेरीच्या भिंतीवर कागद चिकटवले होते आणि वाचता येणारे न येणाऱ्यांना वाचून दाखवत होते. गोविंदा तीन इयत्ता शिकला होता. तो बोट फिरवत थांबला. इस्तारी मनसाराम ढिवर, सहा खण, कवेलू, गोठा एक. त्याखाली रामाजी. शकुबाईचं नाव नव्हतंच. वर नाही, खाली नाही.

मोहल्ला आधी हसला. रामाजी म्हणाला, "गोठा त्याचा झाला, आता शेण बी तोच काढन." कुंतालाही पहिल्यांदा कराचीच काळजी वाटली. गोठाही एक खण धरून तो अडीच रुपयांच्या वर जात होता. लग्नाच्या वर्षी तेवढे कुठून काढायचे, याचाच ती विचार करत राहिली.

तलावाची गोष्ट त्यानंतर निघाली. गावचा मोठा तलाव आधी मालगुजाराचा होता. मालगुजारी गेली आणि तलाव नगरपालिकेकडे आला. मासे धरायचा हक्क ढिवरांचाच राहिला, आणि धरलेली मासळी मोहल्ल्यात घरागणिक वाटायची ही रीतही राहिली. ज्या घरी जाळं फेकणारा पुरुष नाही त्या घरालाही एक वाटा. शकुबाई त्या वाट्यावर जगत होती. टोपली घेऊन बाजारात बसे, निम्मं विकी, निम्मं सुकवी. आता भैयाजींनी वाटा कसा द्यायचा ते जाहीर केलं. भैयाजी म्हणजे हैसियतीच्या दिवसांतल्या पाच पंचांपैकी एक, आणि आता नगरपालिकेचे सभासद. घर कोणतं धरायचं यावरून दरवर्षी भांडणं होतात, तेव्हा यापुढे यादीत जेवढी घरं तेवढे वाटे. फाल्गुनात यादी पक्की होईल, मग पाच वर्षं तिला हात नाही.

त्या दिवशी कुंता तट्ट्याच्या पलीकडे गेली. शकुबाई मासळी उलथत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"बाई, मी तुले वाटा देत जाईन. जो येईन त्यातला अर्धा. गोविंदाचा बाप बी आण घेऊन सांगते."

"देशीन," शकुबाई म्हणाली. "तू देशीनच. सून आल्यावर तिचे लेकरं होतीन. मंग एक दिवस थे म्हणन, या बुढीले काऊन अर्धं? तवा तू काय सांगशीन तिले? माहं घर तुमी मागून नेलतं म्हणून?"

कुंता खाली बसून तिच्याबरोबर मासळी उलथू लागली.

"मले दोन घास कमी पडले तं मी सोसन. पण तुह्या हातून घेऊन खाईन, असं नोको करू मले."

"मंग तू जा ना कचेरीत. सांग, माहं घर राह्यलं म्हणून. तुहं कोणी खोटं म्हणणार नाई."

शकुबाईनं हातातली मासळी ठेवली. "मी नाई जात. मी देल्लं होतं, मी मागाले येऊ का? नेलं तुनं. परत तू कर."

"केलं ना परत त्याच दिवशी."

"इथचं केलं. तिथचं राह्यलं."

कुंता कचेरीत गेली. गुणवंतरावांनी तिला ओळखलं आणि बसायला सांगितलं. ती उभीच राहिली. तिनं सगळं सांगितलं, तट्ट्यासकट. ते ऐकत असताना त्यांचा चेहरा उतरत गेला. मोजलं ते त्यांनी बरोबरच मोजलं होतं. फक्त वर्षातला तो एकच दिवस असा होता की बरोबर मोजून चुकावं.

"हरकतीचा अर्ज द्या. दुरुस्त होईल."

"तुमीच खोडून टाका ना. पेन्सिल हाय तुमच्यापाशी."

"मी खोडलं तर उद्या लोक म्हणतील, पैसे घेतले. हरकती सोमवारी बाजाराच्या दिवशी सगळ्यांसमोर वाचतात. शेजाऱ्यांना विचारतात. मग समिती ठरवते. चांगल्यासाठीच आहे ते, बाई. पूर्वी बंद दारात ठरायचं म्हणून तर लोक ओरडत होते."

"सगळ्यायसमोर?"

"सगळ्यांसमोर."

घरी इस्तारी म्हणाला, "लगन होऊ दे. वैशाखानंतर सांगू."

"फाल्गुनानंतर कोणी आयकत नाई."

"मंग पाच वर्सं आपण अर्धा वाटा देऊ. मी मरून जाईन पण शकुबाईले उपाशी ठेवन का?"

"थे घेत नाई."

"काऊन नाई घेत? अकडू हाय थे." इस्तारीचा आवाज चढला आणि लगेच खाली आला, तट्ट्यातून सगळं ऐकू जात होतं. तो हळू म्हणाला, "देवाजीले समजलं तं संपलं. चौथ्यांदा पोराले कोण पाह्यन? तिनं एक दिवस घर देल्लं, अन् आपण जलमभराचा पोरगा देऊ का त्याच्या बदल्यात?"

गोविंदा जाळं विणत बसला होता. दोघं थांबले तेव्हा तो म्हणाला, "अर्ज मी लिहितो." एवढंच. तो देवाजीच्या पोरीला, चंदाला, एकदाच दिसला होता आणि त्यानंही तिला तेवढंच पाहिलं होतं, पण आताशा बाजाराच्या दिवशी पोंभुर्ण्याकडचे डोंगे लागतात त्या धक्क्यावर तो जरा जास्तच वेळ काढी. हे कुंताला माहीत होतं. म्हणून त्यानं तो अर्ज लिहिणं तिला इस्तारीच्या ओरडण्याहून जड गेलं. दुसऱ्या दिवशी इस्तारीनं जेवण तसंच ठेवलं, आणि संध्याकाळी उठून अर्जावर अंगठा लावला.

सोमवारी कचेरीच्या ओसरीवर माणसं दाटली होती. भैयाजी मधल्या खुर्चीवर, गुणवंतराव बाजूच्या टेबलाशी. मोहल्ल्यातले पुरुष खाली उकिडवे बसलेले. शकुबाई ओसरीपासून लांब, आपली टोपली पुढ्यात घेऊन बसली होती, जशी ती दर बाजाराला बसे. कुंता खांबाला टेकून उभी राहिली. देवाजी आला होता. तांदूळ विकायला आला असेल, पण गर्दी पाहून ओसरीवर चढला आणि हसत इस्तारीशेजारी जाऊन बसला. बाजूच्या माणसाला व्याह्याकडे बोट करून म्हणाला, "माहे इवाई. याह्यच्या घराचं बी हाय आज." कराचा आकडा ऐकायला त्याचे कान आसुसले होते.

नाव पुकारलं गेलं. "इस्तारी मनसाराम ढिवर. हरकत आहे. बोला."

इस्तारी उठला. त्यानं भैयाजींकडे पाहिलं, मग खाली बसलेल्या देवाजीच्या पागोट्याकडे.

"काही हरकत नाई साहेब," तो म्हणाला. "जे लिहिलं थे बराबर हाय."

गुणवंतरावांनी मान वर केली. "अर्ज दिलाय तुम्ही."

"चुकून देल्ला."

"मंग मागे घेता?" भैयाजींनी विचारलं. त्यांना पुढची नावं उरकायची होती.

कुंतानं शकुबाईकडे पाहिलं. शकुबाई एका गिऱ्हाइकाला मासळी दाखवत होती, आणि गिऱ्हाईक काय विचारतंय ते तिला कळत नव्हतं. ओसरीवर आजवर कुठल्या बाईनं तोंड उघडलं नव्हतं. कुंता खांब सोडून पुढे आली.

"मागे नाई घेत," ती म्हणाली. "थे घर सहा खणाचं नाई. तीनच खण आमचे. तीन शकुबाईचे. मधचा तट्टा आमी काहाडला होता."

"काऊन काढला?" भैयाजी म्हणाले.

"पाहुणे येणार होते."

मागून कोणीतरी हसलं. देवाजीचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं होतं, पुसायला विसरल्यासारखं.

गुणवंतरावांनी कागद पुढे ओढला. ते नीट काम करणारे गृहस्थ होते, आणि नीट काम म्हणजे यादीतली प्रत्येक ओळ विचारणं. त्यांनी विचारलं आणि कुंता सांगत गेली. तीन खण कमी. गोठा? गोठा रामाजीचा. "माहाच हाय," रामाजी खालून म्हणाला. त्याला आता खोकला आला नव्हता, आणि तो मान खाली घालून बोलला. पुढची छपरी कवेलूची? कवेलूची, पण अर्धी. उरलेली गवताची, त्या दिवशी त्यावर जाळं टाकलं होतं. जाळं कोणाचं, हे गुणवंतरावांनी विचारलं नाही. यादीत जाळ्यांचा रकाना नव्हता. पण मागून एक म्हातारा आपणहून म्हणाला, "जाळं माहं," आणि मग मोहल्ला कसाबसा हसला.

प्रत्येक उत्तरासरशी कुंताच्या समोर घर उतरत होतं. पेन्सिल चालत होती. शेवटी गुणवंतरावांनी बेरीज केली, पुन्हा एकदा केली, आणि त्यांचा चेहरा खुलला. या बाईचं आपल्या हातून झालेलं नुकसान भरून निघालं, असं त्यांना मनापासून वाटलं. ते जरा मोठ्यानंच म्हणाले, "इस्तारी मनसाराम, वर्षाचा किराया चोवीसच्या खाली. कर माफ. शकुबाईंचं घर वेगळं धरलं, तेही चोवीसच्या खाली. तेही माफ."

"माफ," भैयाजी म्हणाले. "पुढचं नाव."

कुंता हलली नाही. "साहेब, काही तरी लावा."

"काय?"

"कर. थोडासा. चार आणे लावा."

गुणवंतराव तिच्याकडे पाहतच राहिले. "बाई, नियमात बसत नाही. चोवीसच्या खालच्या घराला कर लावताच येत नाही."

"आमी देतो म्हणतो तरी?"

"तुम्ही देता म्हणालात तरी."

ती खाली उतरली तेव्हा देवाजी ओसरीखाली उभा होता. इस्तारी त्याच्याशी काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होता आणि शब्द जुळत नव्हते. देवाजीनं त्याला हातानं थांबवलं.

"गुंड मागून आणते लोक," देवाजी म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "मी बी आणले हाय. माह्या लहान्या भावाच्या लगनात शेजाऱ्याचा बैल बांधला होता आमी दारात. पण इहीणबाई, घर? माही पोरगी येऊन तट्ट्याकडे पाह्यत बसली असती."

"चुकलं भाऊ," कुंता म्हणाली.

"त्या दिवशी जे दाखवलं, त्यातलं तुमचं काय होतं?"

"पोरगा."

देवाजीनं गोविंदाकडे पाहिलं. गोविंदा थोडा लांब उभा होता, हात मागे बांधून, खाली पाहत.

"पोरगा तं सगळ्यायलेच असते," देवाजी म्हणाला. "घरच्यायले इचारतो. सांगावा धाडतो." आणि तो धक्क्याकडे चालू लागला. 'घरच्यायले इचारतो' म्हणजे काय, हे त्या भागात लहान पोरालाही सांगावं लागत नाही.

घरी परतताना शकुबाई कुंताच्या बरोबरीनं चालली.

"मी म्हणाली नव्हती तुले सगळ्यायसमोर सांग म्हणून," शकुबाई म्हणाली.

"नाई म्हणाली."

"मले वाटलं, थो साहेब खोडन गुपचूप."

कुंताला शकुबाईचा राग आला होता, भयंकर आला होता, आणि तो काढायला जागा नव्हती. वाटा वाचला, घर वाचलं, सगळं खरं. पण शेजारी चालणाऱ्या त्या बाईकडे पाहून तिला बरं वाटत नव्हतं, आणि आपल्याला बरं वाटत नाही याची लाज वाटत होती. पुढचे काही दिवस ती पाण्याला जायची ती शकुबाई परतल्यावरच. इस्तारी तिच्याशी कामापुरतं बोले. मोहल्ल्यातल्या बायका तिला वाईट बोलत नव्हत्या, पण एक गोष्ट त्यांनाही खुपत होती: आता कोणाच्या घरी पाहुणे आले, की त्यांतला एखादा तट्ट्याला हात लावून पाहणार.

सांगावा आला, पण कोणाला वाटला होता तसा नाही. तांदळाचा एक व्यापारी पलीकडून आला, त्याच्याकडे देवाजीनं निरोप दिला होता. पोरगी नाही म्हणत नव्हती. चंदानं बापाला सांगितलं होतं की तिनं घर पाहिलंच नव्हतं, पोरगा पाहिला होता. म्हणून देवाजीनं मार्ग काढला. लग्न ठरल्याप्रमाणे वैशाखातच. पण चंदा तीन खणांत येणार नाही. गोविंदानं तिकडे राहावं. घरजावई. धानात हात लागेल, नदीवर डोंगाही आहे. देवाजीला मुलगा नव्हता, आणि ही गोष्ट तो आधीपासून मनात धरून होता की त्या सोमवारी त्याला सुचली, ते कळायला मार्ग नव्हता.

इस्तारी म्हणाला, "माह्या जीवात जीव हाय तोवर नाई."

गोविंदा म्हणाला, "बाबा, मी जातो."

"कोण्या तोंडानं जाशीन? लोक काय म्हणतीन? इस्तारीचा पोरगा सासऱ्याच्या दारात पाणी भरते?"

"लोकायनं म्हणायचं होतं थे ओसरीवर म्हणून झालं." गोविंदानं मायकडे पाहिलं. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच कुंताला लागलं. तो नको म्हणाला असता, तिच्यावर चिडला असता, तर तिला धरायला काही मिळालं असतं. तो जायला तयार होता. खुशीनं तयार होता; ते लपवायला त्याला नीट जमत नव्हतं.

"आठ दिवसाले येईन माय. डोंगा तं मीच चालवन. नदीच तं हाय मध्ये."

"येशीन," कुंता म्हणाली.

त्या रात्री इस्तारी गोविंदासोबत जेवायला बसला. भाताचा घास हातात धरून तो म्हणाला, "देवाजीच्या गावात तं हैसियत पाह्यते. सासऱ्याच्या घरी राह्यणाऱ्या जावयाची हैसियत पंच किती लावतीन?"

"काहीच नाई," कुंता म्हणाली. "घर त्याचं नाई, वावर त्याचं नाई."

"म्हणजे इथी घर लहान म्हणून माफ, अन् तिथी घर नाई म्हणून माफ."

तो हसला का, हे कुंताला कळलं नाही. तिनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला. तट्ट्यापलीकडे शकुबाई तिच्या वाट्याची मासळी मीठ लावून ठेवत होती. भांड्यांचा आवाज येत होता. कुंतानं तिकडे कान दिला, मग गोविंदाच्या ताटाकडे पाहिलं, आणि त्याला विचारलं की तिकडे ते भात कसा शिजवतात, मऊ की मोकळा. गोविंदाला ठाऊक नव्हतं.